विश्लेषण : घेवडा शिजवताना घाई का नको? वैल, शिट्टी आणि गोधडीचा हिशेब

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागले की आंबवडे येते. नागेश्वराचे मंदिर, संस्थानकाळातला झुलता पूल, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या पाहायला लोक येथे थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. या खोऱ्याची आणखी एक ओळख मात्र फोटोत येत नाही. भाताची कापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर पावटा, वाल, हरभरा, मसूर टाकायचा आणि पुढे वर्षभर तेच कडधान्य भाताबरोबर आमटी-उसळ म्हणून खायचे, ही मावळातली जुनी रीत. थंडीच्या दिवसांत घेवड्याचे किंवा पावट्याचे पातेले दुपारपासून चुलीच्या वैलावर रटरटत असे आणि दिवेलागणीच्या सुमारास खाली उतरे.

आता बहुतेक घरांत गॅस आणि कुकर आहे. शिट्ट्या मोजल्या की काम संपते. दुसरीकडे, शहरांतल्या काही स्वयंपाकघरांत विजेवर चालणारे आणि सहा-आठ तास मंद आचेवर अन्न शिजवणारे ‘स्लो कुकर’ येऊ लागले आहेत. एकीकडे घाई, तर दुसरीकडे विकत आणलेला सावकाशपणा. या दोन्हींत जुन्या वैलावरची एक महत्त्वाची गोष्ट मागे पडते आहे. कडधान्य मंद शिजवणे चांगलेच. पण त्याला नियम आहेत. ते पाळले तर आमटी उत्तम होते, विसरले तर पोट बिघडते. आठवड्यातून एकदा तरी हे पातेले घरात परत यायला हवे. मात्र धुरासकट नको, आणि घरातल्या एकाच व्यक्तीच्या माथी मारूनही नको.

वैल म्हणजे काय?

चुलीच्या मुख्य तोंडाशेजारी दुसरे लहान तोंड असते, तो वैल. जाळ मुख्य तोंडाखाली. त्यावर भाकरी होतात, पाणी तापते. तिथली उरलेली धग वैलाकडे वळते. तिथे वेगळे लाकूड घालावे लागत नाही. म्हणजे वैलावरचे अन्न जवळजवळ फुकटच्या उष्णतेवर शिजते. या जागी जाळ कमी-जास्त होत असतो, पण तळ करपेल इतका चढत नाही.

यात लक्षात घेण्याजोगा एक क्रम होता. कडधान्याचे पातेले आधी मुख्य चुलीवर चढे. तिथे त्याला खळखळून उकळी येई, वरचा फेस काढला जाई आणि मगच ते वैलावर सरके. हा क्रम केवळ सोयीचा नव्हता. त्याचे कारण पुढे येईलच.

दाणा शिजतो म्हणजे काय होते?

सुक्या दाण्यात मुख्यतः पिठूळ भाग आणि प्रथिने असतात. हा भाग लाखो पेशींत भरलेला असतो आणि पेशी एकमेकींना ‘पेक्टिन’ नावाच्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात. दाणा मऊ होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात. आतल्या पिठाने पाणी पिऊन फुगायला हवे आणि पेशींमधले हे पेक्टिन विरघळायला हवे. पीठ साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला फुगू लागते. पेक्टिन हट्टी असते. त्याला उकळीच्या जवळपासचे तापमान आणि भरपूर वेळ लागतो.

भिजवण्याचे महत्त्व येथे आहे. आठ ते बारा तास भिजलेल्या दाण्यात पाणी आधीच गाभ्यापर्यंत पोहोचलेले असते, त्यामुळे सगळा दाणा एका वेळी शिजतो. न भिजवलेल्या दाण्याची साल फुटते, बाहेरचा थर गाळ होतो आणि आत मात्र कच राहते. पाणी ओतून देण्याचाही फायदा असतो. पोटात वायू धरायला कारणीभूत ठरणाऱ्या काही साखरा या पाण्यात उतरतात. त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि पोट फुगते. भिजवलेले पाणी फेकले, दाण्याला मोड आणले तर हा त्रास कमी होतो.

गणंग का राहतात?

कितीही शिजवले तरी काही दाणे खड्यासारखे राहतात. त्यांना मराठीत गणंग म्हणतात. निवडणुकीतल्या निरुपयोगी उमेदवारालाही हाच शब्द लावला जातो, तो याच अनुभवातून. दाणा गणंग होण्यामागे बहुतेक वेळा साठवण असते. कडधान्य उष्ण आणि दमट जागी अनेक महिने पडून राहिले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात. मग ते विरघळत नाही. बोअरवेलचे जड पाणी वापरले तर हीच अडचण वाढते, कारण त्या पाण्यातही कॅल्शियम असते.

म्हणून दुकानातून आणलेला घेवडा कधी तासाभरात लोण्यासारखा होतो आणि कधी तीन तासांनीही दाद देत नाही. दोष स्वयंपाक करणाऱ्याचा नसतो. पिशवीतले धान्य गेल्या हंगामातले आहे की त्याच्या आधीच्या, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. नवा आणि जुना घेवडा एकत्र मिसळून शिजवू नये, ही जुनी सांगणी त्यामुळेच योग्य ठरते.

मीठ, सोडा, आमसूल : केव्हा काय घालावे?

मीठ घातले की कडधान्य शिजत नाही, असा सर्वत्र समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भिजवण्याच्या पाण्यात थोडे मीठ घातले तर मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल उलट मऊ होते. त्यामुळे भिजवताना लिटरभर पाण्याला दोन चहाचे चमचे मीठ घालायला हरकत नाही. हे पाणी नंतर फेकायचेच असते.

खाण्याच्या सोड्याची चिमूट मात्र विचार करून घालावी. सोड्याने पेक्टिन झटकन विरघळते, दाणा लवकर मऊ होतो. पण जास्त झाला तर चव साबणासारखी लागते, दाण्याचा लगदा होतो आणि ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. पाणी फारच जड असेल तर चिमूटभर ठीक. एरवी गरज नाही.

आमसूल, चिंच, टोमॅटो शेवटी घालायचे, हा घरोघरचा नियम मात्र शंभर टक्के खरा. आंबटपणामुळे पेक्टिन टिकून राहते आणि दाण्याचे शिजणे जागच्या जागी थांबते. गुळाचेही तसेच. दाणा बोटांत सहज चुरडला जातो आहे हे पाहिल्यावरच आमसूल-गूळ पडला पाहिजे. हे शास्त्र प्रयोगशाळेत उलगडायच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरात ठरून गेले होते.

मंद आच धोक्याची कधी ठरते?

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. राजमा आणि घेवड्याच्या कच्च्या दाण्यांत ‘फायटोहिमॅग्लुटिनिन’ नावाचे लेक्टिन असते. ते पोटात गेले तर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि नंतर जुलाब सुरू होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार अवघे चार-पाच कच्चे दाणेही त्यासाठी पुरतात. लाल राजम्यात याचे प्रमाण सर्वाधिक असते, पांढऱ्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि ती आजारी पडली. २००६ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याचा उपाय म्हणून पांढरा राजमा काही मिनिटे भाजून, दळून खायला सांगण्यात आले. त्यानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. दोन्ही वेळी दाणा खाण्याजोगा दिसत होता. फसगत तिथेच झाली.

हे लेक्टिन उकळीच्या तापमानाला, म्हणजे १०० अंशांच्या आसपास, दहा मिनिटांत निष्प्रभ होते. पण ७५-८० अंशांवर तासन्‌ तास ठेवले तरी ते पुरते जात नाही. उलट, अर्धवट तापवलेल्या राजम्याची विषारीता कच्च्या राजम्याच्या पाचपटीपर्यंत वाढल्याचे आढळले आहे. विजेचा स्लो कुकर नेमका याच तापमानाच्या पट्ट्यात राहू शकतो. सहा तासांनी दाणा मऊ झालेला असतो, वासही छान येत असतो, आणि धोका तसाच असतो.

म्हणून नियम एकच : आधी खळखळून उकळी, मग मंद आच. दाणे किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवावेत. ते पाणी फेकावे. ताज्या पाण्यात दाणे घालून मोठ्या आचेवर उकळी आणावी आणि ती चांगली खळखळत राहील अशी किमान दहा मिनिटे टिकवावी. उष्णता प्रत्येक दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचावी यासाठी अमेरिकी प्रशासन अर्धा तास सुचवते. घरच्या पातेल्यासाठी तोच आकडा धरणे शहाणपणाचे. पावटा आणि वाल ही वेगळी कुळे आहेत, पण त्यांच्याही कच्च्या सुक्या दाण्यांत नको असलेली द्रव्ये असतात. त्यांनाही भिजवणे, पाणी टाकणे आणि उकळणे हाच क्रम लागू होतो.

उंचीचाही थोडा फरक पडतो. समुद्रसपाटीपासून वर जावे तसे पाणी कमी तापमानाला उकळते. भोर परिसर साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रायरेश्वराच्या सुमारे १,३७० मीटर उंच पठारावर हाच आकडा ९५-९६ अंशांपर्यंत खाली येतो. माथ्यावर कडधान्य शिजायला जास्त वेळ लागतो तो यामुळे. तिथे अर्ध्या तासाच्या उकळीत काटकसर करू नये.

मग कुकर वाईट का?

मुळीच नाही. १९५९ च्या सुमारास देशात प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले आणि मध्यमवर्गीय घरातला स्वयंपाकाचा वेळ खरोखर घटला. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या घरात जाते. त्यामुळे लेक्टिनचा प्रश्न उरत नाही, इंधन वाचते, वीस-पंचवीस मिनिटांत दाणा मऊ होतो. रोजच्या धावपळीत कुकर हाच बरा.

फरक पडतो तो आमटीच्या अंगात. कुकरमध्ये वाफ सोडताना दाणे एकमेकांवर आदळतात, साली फुटतात आणि कित्येकदा वर पातळ पाणी आणि खाली लगदा अशी स्थिती होते. मंद आचेवर दाणा अख्खा राहतो आणि त्यातले थोडे थोडे पीठ रश्शात उतरते. रस्सा आपोआप दाट होतो. त्यात वेगळे पीठ लावावे लागत नाही. कांदा, लसूण, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण दाण्यात मुरते. कुकरच्या आमटीत मसाला रश्शात राहतो, वैलावरच्या आमटीत तो दाण्यात जातो. हे चवीचे मत आहे, विज्ञानाचा निकाल नव्हे. पण ज्याने दोन्ही खाल्ले आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

इंधनाचा हिशेब काय सांगतो?

मंद शिजवणे म्हणजे गॅसची उधळपट्टी, हा आक्षेप रास्त आहे. पातेले दोन तास गॅसवर ठेवले तर कुकरपेक्षा जास्त इंधन जाणारच. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गावोगावी सिलिंडर पोहोचले. पण रिकामा सिलिंडर भरून आणताना दर वेळी पैसे मोजावे लागतात. तेव्हा हा हिशेब टाळून चालणार नाही.

इथे शाळेतले भौतिकशास्त्र कामी येते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७३ ते ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच लिटरभर पाणी वाफ करून उडवायला सुमारे ५४० किलोकॅलरी, म्हणजे सातपट. उकळी आल्यावर आच मोठी ठेवली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. फक्त वाफ वाढते. झाकण उघडे टाकून, मोठ्या आचेवर, वरून पुन्हा पुन्हा पाणी घालत कडधान्य शिजवणे ही खरी उधळपट्टी. झाकण घट्ट आणि ज्योत अगदी बारीक ठेवली तर खर्च पुष्कळ उतरतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे उष्णता धरून ठेवणे. उकळते पातेले आचेवरून उतरवून जाड कापडात गुंडाळले तर आतले अन्न स्वतःच्याच उष्णतेवर शिजत राहते. महायुद्धांच्या काळात इंधनटंचाईत युरोपातल्या घरांनी वाळलेल्या गवताने भरलेल्या पेटीत पातेली ठेवून हेच केले. १९१० मध्ये बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी बनवलेला ‘इकमिक कुकर’ही थोड्याशा कोळशावर, बंद भांड्यात, सावकाश स्वयंपाक करत असे.

पुण्यातच याचे पुढचे उदाहरण सापडते. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी २००२ मध्ये संस्थेला ‘अ‍ॅश्डेन’ पुरस्कार मिळाला. याच कोळशावर चालणारा ‘सराई कुकर’ सुमारे शंभर ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजीचा स्वयंपाक वाफेवर करतो. सावकाश शिजवण्यासाठी मागे जाण्याची गरज नाही, हे त्यातून दिसते.

चूल परत आणायची का?

नाही. ‘चुलीवरचे जेवण’ या पाट्या महामार्गावर कितीही आकर्षक दिसल्या, तरी बंद घरातला चुलीचा धूर हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या अशा हवाप्रदूषणामुळे जगभरात ३२ लाख मृत्यू झाले. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्याजवळ खेळणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांना त्याची सर्वाधिक झळ बसते. आमटीची चव त्या किमतीची नाही.

वैलाचा विचार घ्यावा, धूर सोडून द्यावा. गॅसवरची उकळी हा मुख्य जाळ आणि गोधडी हा वैल, असे केले की दोन्हीकडचे चांगले ते पदरात पडते.

घरी कसे करावे?

चार जणांसाठी पाव किलो घेवडा घ्यावा. तो निवडून, धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावा. उन्हाळा असेल तर झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदलावे, नाहीतर ते आंबते. सकाळी पाणी ओतून द्यावे आणि दाणे पुन्हा धुवावेत.

जाड बुडाच्या पातेल्यात दाणे आणि लिटर-सव्वा लिटर ताजे पाणी घालून मोठ्या आचेवर उकळी आणावी. वर येणारा फेस काढावा. अर्धा तास खळखळू द्यावे. पाणी कमी झाले तर आधणाचेच पाणी घालावे. गार पाण्याने उकळी मोडते. त्यानंतर दोन मार्ग आहेत. पहिला, झाकण लावून अगदी बारीक ज्योतीवर एक ते दीड तास ठेवणे. दुसरा, पातेले उकळते असतानाच घट्ट झाकून, खाली जाड पोते किंवा लाकडी पाट आणि भोवती दोन-तीन जुन्या गोधड्या असे गुंडाळून दोन-तीन तास ठेवणे. गोधडी ज्योतीजवळ नेऊ नये, गॅस बंद करून पातेले बाजूला घेतल्यावरच गुंडाळावे.

दुसऱ्या मार्गाला दोन अटी आहेत. पातेले जवळजवळ भरलेले हवे. अर्धे रिकामे पातेले लवकर निवते. आणि गोधडीतले अन्न कोमट होईपर्यंत विसरून जाऊ नये. ६० अंशांखाली जीवाणू वाढू लागतात. तीन तासांनी पातेले काढून पुन्हा आचेवर ठेवावे आणि चांगली उकळी आणावी. रात्रभर गोधडीत ठेवून सकाळी तसेच खाणे टाळावे.

दाणा दोन बोटांत सहज चुरडला की फोडणी. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला कांदा, हळद आणि घरचा कांदा-लसूण मसाला. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण घालून पंधरा मिनिटे रटरटू द्यावे. मीठ आता. आमसूल सर्वांत शेवटी. चमच्याच्या पाठीने मूठभर दाणे कडेला चेपले की रस्सा जमून येतो. वाफाळता इंद्रायणी भात किंवा तांदळाची भाकरी सोबत असली की दुसरे काही लागत नाही. उरलेली आमटी लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती अधिक मुरलेली लागते.

ताटापलीकडे काय पणाला लागले आहे?

सुक्या घेवड्याच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात मुबलक असते. कडधान्यात जे कमी पडते ते भात भरून काढतो. आमटी-भात हे गरिबीचे नव्हे, हिशेबाचे जेवण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून रोज ८५ ग्रॅम सुचवले आहेत. शाकाहारी घरात एका वाटीभर वरणाच्या पाण्याने तो आकडा गाठला जात नाही.

दुसरी गोष्ट बियाण्यांची. याच पुणे जिल्ह्यात इनामगाव येथील उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची मसूर, वाटाणा, कुळीथ अशी कडधान्ये सापडली. म्हणजे दख्खनच्या पठारावर कडधान्याचे पातेले तीन हजार वर्षांहून अधिक काळ शिजते आहे. घेवडा-राजमा त्या मानाने नवा. तो अमेरिका खंडातून आला आणि इथे असा रुजला की शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह अनेक गावरान वाण घरच्या बियाणे बँकेत जपले. २०२० च्या ‘पद्मश्री’ने त्या कामाची नोंद घेतली.

पण बियाणे बँकेत जपलेला वाण ताटात आला नाही, तर तो शेतात किती काळ राहणार? गिऱ्हाइकाला ‘लवकर शिजणारा’ दाणा हवा असेल, तर दुकानदार तोच मागवतो आणि शेतकरी तोच पेरतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्य वर्ष म्हणून पाळले, १० फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन ठरला. असे दिवस पाळणे चांगलेच. त्याहून उपयोगी म्हणजे बाजारात घेवडा घेताना ‘कुठला आहे, कोणत्या हंगामातला आहे’ एवढे दोन प्रश्न विचारणे. आंबवडे परिसरात पर्यटनाला जाणाऱ्यांनी गाडीत पाण्याच्या बाटल्यांबरोबर किलोभर स्थानिक पावटा आणला तरी तो पैसा थेट खाचरापर्यंत पोहोचतो. नवे धान्य असल्याने गणंगही कमी निघतात.

वेळ कोणाचा?

मंद स्वयंपाकाचे कौतुक बहुधा जेवणारा करतो. भिजवण्याची आठवण ठेवणारी, मध्ये उठून पाणी पाहणारी व्यक्ती वेगळी असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांची नऊ. दरी जवळजवळ तेवढीच राहिली.

अशा घरात ‘आजीसारखी आमटी कर’ ही फर्माईश म्हणजे आणखी एका कामाची भर. त्यामुळे मंद शिजवण्याच्या बाजूने बोलताना ही अट सोडता येत नाही. सुदैवाने घेवड्याचे पातेले वाटून घ्यायला सोपे आहे. यात कौशल्य थोडे आणि आठवण जास्त लागते. रात्री दाणे भिजत घालणे, सकाळी पाणी बदलणे, अर्धा तास उकळी सांभाळणे, गोधडी गुंडाळणे यातले एकही काम असे नाही की जे घरातल्या पुरुषाला किंवा शाळकरी मुलाला जमणार नाही. गोधडीतले पातेले तर कुणाची पहाराही मागत नाही. त्या दोन तासांत अंगणात जाता येते, अभ्यास होतो, झोपही काढता येते.

रविवार त्यासाठी पुरेसा आहे. सहा दिवस कुकरच्या शिट्टीला द्यावेत. सातव्या दिवशी शनिवारी रात्री घरातल्या ज्याला आठवेल त्याने पाव किलो घेवडा पाण्यात टाकावा, आणि सकाळी उकळीचा अर्धा तास घड्याळ लावून मोजावा. त्यात सूट नाही. पुढचे काम गोधडी करते.